बिनड्रायव्हरची टॅक्सी आणि रिकाम्या तासाचा हिशेब

आईला घेऊन दादर स्टेशनवरून परळच्या हॉस्पिटलकडे निघाले होते. टॅक्सीवाल्या काकांनी आरशातून बघत विचारलं, "ताई, ती अमेरिकेतली बिनड्रायव्हरची टॅक्सी खरी आहे का हो? का नुसताच व्हिडिओ?" त्यांना कुणीतरी मोबाईलवर पाठवला होता. पांढरी गाडी चालली आहे, स्टिअरिंग आपोआप फिरतंय आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. म्हटलं, खरी आहे. सिग्नल सुटेपर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "धाकट्या मुलाचा टॅक्सी चालवायचा बॅज काढायचा होता या महिन्यात. काढू का नको?"

परळ आलं, आईला उतरवायची घाई होती, आणि उत्तर अर्धंच राहिलं. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. एका घरातल्या मुलाने पुढची पंचवीस वर्षं कशावर काढायची याचा तो प्रश्न आहे, त्यामुळे "यंत्रं येतच असतात" असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. म्हणून नीट, पहिल्यापासून सांगते.

व्हिडिओतली ती गाडी बहुतेक वेमोची असणार. गुगलची पालक कंपनी अल्फाबेट, तिचीच वेमो. या गाड्यांची गोष्ट सुरू होते २००४ साली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या 'डार्पा' या संस्थेने मोहावीच्या वाळवंटात माणसाविना चालणाऱ्या गाड्यांची शर्यत लावली. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सगळ्यात पुढे गेलेली गाडी जेमतेम बारा किलोमीटर गेली आणि अडकली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनली' नावाच्या गाडीने २१२ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि जिंकली. २००९ मध्ये गुगलने त्या क्षेत्रातली माणसं गोळा करून काम सुरू केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या उपनगरांत सामान्य माणसाला रिकाम्या सीटची टॅक्सी बोलावता येऊ लागली, जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि एप्रिल २०२५ पर्यंत वेमोच्या भाड्याच्या फेऱ्या आठवड्याला अडीच लाखांवर गेल्या. म्हणजे वाळवंटात रुतलेल्या त्या गाडीपासून इथवर यायला वीस वर्षं लागली. पण शेवटच्या दोन वर्षांत वेग फार वाढला.

गाडीला दिसतं कसं?

वेमोच्या जग्वार गाडीवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार आहेत. कॅमेरा काय करतो ते आपल्याला माहीत आहे. रडार रेडिओलहरी सोडून समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे ते सांगतं, पावसात आणि धुक्यातही. लायडार हेच काम लेझरने करतं. चहूबाजूंना लेझरचे किरण फेकायचे, आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि त्यावरून भोवतालचं चित्र ठिपक्याठिपक्यांनी उभं करायचं. लहानपणी अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचो आणि पाणी किती खोल आहे त्याचा अंदाज बांधायचो, तसंच काहीसं. फरक इतकाच की ही गाडी असे लाखो खडे दर सेकंदाला टाकते.

पण दिसणं हे निम्मंच काम झालं. गाडी रस्त्यावर सोडण्याआधी कंपनी त्या शहराचा बारीक नकाशा तयार करते. फूटपाथची कड कुठे, कुठला सिग्नल कुठल्या लेनसाठी, डावीकडे वळायला कुठे मनाई, सगळं. त्यावर अंदाजाचं काम. रस्त्यावर चेंडू आला की मागून पोरगं धावत येणार, हे काकांना तीस वर्षांच्या सवयीने कळतं. गाडीला ते लाखो किलोमीटरच्या नोंदींमधून शिकवावं लागतं. आणि म्हणूनच या गाड्या शहराशहराने येतात, एका रात्रीत देशभर पसरत नाहीत.

गाडीच्या स्वयंचलितपणाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. वेमो चौथ्या पायरीवर आहे: ठरलेल्या भागात, ठरलेल्या परिस्थितीत माणसाची गरज नाही. पाचवी पायरी, म्हणजे कुठेही, कसल्याही रस्त्यावर, कुणाचीच झालेली नाही. लोक विकत घेतात त्या टेस्ला गाडीतली व्यवस्था दुसऱ्या पायरीवर आहे, तिथे लक्ष माणसानेच ठेवायचं असतं. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये टॅक्सी सुरू केली तेव्हाही शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवला होता. व्हिडिओ बघताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी, कारण सगळ्या पायऱ्या एकाच नावाने खपवल्या जातात.

आणि अडली की? चौथ्या पायरीवरची गाडीही अडते. तेव्हा ती दूर कुठेतरी संगणकासमोर बसलेल्या माणसाला विचारते: समोर खोदकाम आहे, या बाजूने जाऊ का? तो माणूस गाडी चालवत नाही, प्रश्नाचं उत्तर देतो. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या अनेक गाड्या चौकाचौकात थांबून राहिल्या. शेवटी कंपनीला सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. सिग्नल बंद पडल्यावर काय करायचं हे मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. त्याला तो प्रश्न वाटणारच नाही.

सुरक्षेबद्दल मात्र पूर्वग्रह बाजूला ठेवून बोललं पाहिजे. स्विस रे या विमा कंपनीबरोबर वेमोने केलेल्या अभ्यासात, अडीच कोटी मैलांच्या प्रवासात, माणसं जखमी झाल्याचे विम्याचे दावे माणसांनी चालवलेल्या गाड्यांपेक्षा ९२ टक्क्यांनी कमी निघाले. अभ्यासात कंपनीचाच हात आहे, हे खरं. तरी यंत्र दारू पीत नाही, चौदा तासांच्या पाळीनंतर त्याला डुलकी लागत नाही, हेही तितकंच खरं आहे. दुसरी बाजू क्रूझची, तीही बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालवणारी कंपनी. २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका बाईला माणूस चालवत असलेल्या दुसऱ्याच गाडीने उडवलं आणि ती क्रूझच्या गाडीसमोर पडली. गाडी थांबली, पण मग बाजूला होण्यासाठी पुन्हा निघाली आणि त्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. खाली माणूस आहे हे त्या सगळ्या यंत्रणेला कळलंच नव्हतं. त्याच महिन्यात क्रूझचा परवाना निलंबित झाला. क्रूझवर दहा अब्ज डॉलरहून जास्त पैसा ओतलेल्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२४ मध्ये तिचा टॅक्सीचा धंदा सोडून दिला.

रिकामा तास कोणाच्या खिशातून जातो?

आता काकांच्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. सगळे विचारतात, ड्रायव्हर जाणार का? मला वाटतं त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: गाडी रिकामी उभी असते तेव्हा तो खर्च कोण सोसतं?

मुंबईत ज्याची स्वतःची गाडी नाही तो मालकाची गाडी पाळीवर चालवतो. मालकाला दिवसाचे ठरलेले पैसे द्यायचे, गॅस आपण भरायचा, उरेल ते आपलं. सकाळचे पहिले काही तास मालकासाठीच गाडी चालवतो, असं काकाही म्हणाले. दुपारी दोन ते पाच स्टँडवर गिऱ्हाईक नसलं तरी मालकाचे पैसे कमी होत नाहीत. म्हणजे रिकामा तास ड्रायव्हरच्या खिशातून जातो. ॲपवाल्या टॅक्सीतही तेच. कंपनीची स्वतःची गाडी सहसा नसते, हप्ता ड्रायव्हरचा, टायर ड्रायव्हरचे, आणि दोन भाड्यांमधला वेळ बिनपगारी. ॲपवर गाडी तीन मिनिटांत मिळते, कारण आसपास चार ड्रायव्हर फुकट वाट बघत उभे असतात.

ड्रायव्हर काढला की हे गणित उलटं होतं. गाडी कंपनीची, तिचा हप्ता, चार्जिंग, धुणं-पुसणं, विमा, दूर बसलेल्या माणसाचा पगार, सगळं कंपनीचं. रिकामा तास आता कंपनीला टोचतो. मग कंपनी काय करील? सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला पुरतील एवढ्या गाड्या ती ठेवणार नाही, कारण त्यातल्या निम्म्या दुपारभर उभ्या राहतील. दिवसरात्र धंदा मिळेल एवढ्याच गाड्या ती ठेवील, आणि गर्दीच्या वेळचा जास्तीचा भार माणसांवर सोडील.

ऑस्टिन आणि अटलांटामध्ये २०२५ पासून साधारण अशीच मांडणी आहे. तिथे वेमोची गाडी उबरच्या ॲपवरून मिळते. बोलावली की कधी माणूस येतो, कधी रिकामी सीट. ग्राहकाच्या दृष्टीने छानच आहे. ड्रायव्हरच्या बाजूने बघा. दुपारचं लांबचं भाडं, रात्री साडेअकराचं भाडं, विमानतळाची फेरी, ज्यांच्यावर दिवस भरून निघतो ती सगळी भाडी यंत्राकडे वळू लागली तर माणसाला उरतात सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास. नोकरी गेली असं कुणी म्हणणार नाही, कारण ॲप चालू असेल, गाडी दारात असेल. पण चार तासांच्या धंद्यावर घर चालत नाही. मला भीती आहे ती या सुकत जाण्याची. एखाद्या दिवशी सगळे ड्रायव्हर घरी बसतील, तशी बातमी कदाचित कधीच येणार नाही.

मग भाडं तरी स्वस्त होतं का? अजून नाही. ओबी या भाड्यांची तुलना करणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले दर तपासले, तेव्हा वेमोची फेरी सरासरी २० डॉलरच्या वर होती, उबरची साडेपंधराच्या आसपास आणि लिफ्ट या उबरसारख्याच ॲप कंपनीची साडेचौदाच्या आसपास. लोक जास्त पैसे देऊन रिकामी सीट निवडत होते. का, ते समजून घेतलं पाहिजे. रात्री एकटीने जाताना अनोळखी माणूस नसतो. गाडी भाडं नाकारत नाही. मुंबईत पावसात हात दाखवून दाखवून थकलेल्या कुणालाही हे लगेच पटेल, आणि टॅक्सीवाल्यांच्या संघटनांनी ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी असं मला वाटतं. अमेरिकेत अंध लोकांनी या गाड्यांचं स्वागत केलं, कारण सोबत मार्गदर्शक कुत्रा दिसला की निघून जाणारे ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. मात्र चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला खुर्ची उचलायला, पट्टा लावायला कुणीतरी लागतंच. तिथे रिकामी सीट म्हणजे बंद दार.

स्वस्ताई कधी येईल ते गाडीच्या किमतीवर आहे. वेमोच्या पुढच्या पिढीच्या गाडीत कॅमेरे २९ वरून १३ वर आणले आहेत, लायडार पाचवरून चारवर. चीनमध्ये बायडू कंपनीची टॅक्सीसाठीच बनवलेली आरटी६ ही गाडी सुमारे दोन लाख युआनमध्ये बनते, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस लाख रुपयांच्या आसपास. वुहान शहरात २०२४ च्या उन्हाळ्यात बायडूच्या चारशेहून जास्त गाड्या फिरत होत्या आणि सवलती देऊन एक फेरी ४ ते १६ युआनला मिळत होती, जिथे साध्या ॲप टॅक्सीला १८ ते ३० युआन पडायचे. टॅक्सीवाल्यांनी तक्रारी केल्या, चीनच्या समाजमाध्यमांवर मोठा वाद पेटला. ते दर कायमचे टिकणारे नव्हते, हे धंदा कळणाऱ्या कुणालाही दिसत होतं. पण तोट्यात गाडी चालवायची ताकद कंपनीकडे असते. टॅक्सीवाल्याकडे आठवडाभराचीही नसते.

न्यूयॉर्कचा पत्रा

सगळ्यात महत्त्वाचा धडा मात्र बिनड्रायव्हरच्या गाडीतून आलेला नाही. तो न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीचा आहे, आणि तिथे ड्रायव्हर शेवटपर्यंत जागेवरच होता.

न्यूयॉर्कमध्ये १९३७ च्या कायद्याने टॅक्सींची संख्या बांधली गेली. परवाना म्हणजे बॉनेटवर ठोकलेला पत्र्याचा एक बिल्ला. बिल्ले मोजके, म्हणून किंमत चढत गेली, आणि २०१४ च्या सुमाराला एका बिल्ल्याला दहा लाख डॉलरहून जास्त मोजले जात होते. घेणारे बरेचसे स्थलांतरित होते: बांगलादेश, पाकिस्तान, भारत, हैती. हा बिल्ला म्हणजे म्हातारपणाची पुंजी, असं त्यांना सांगितलं गेलं, आणि त्यांनी कर्ज काढून तो घेतला. मग उबर आली, रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली, बिल्ल्याची किंमत कोसळली. कर्ज मात्र होतं तिथेच राहिलं. २०१८ मध्ये अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हर सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले, दोन आठवडे बसले, तेव्हा कुठे मोठ्या सावकार कंपनीकडची कर्जं १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणण्याचा तोडगा निघाला, महापालिकेच्या हमीसह. सॅन फ्रान्सिस्कोतही २०१० पासून शहरानेच ड्रायव्हरांना अडीच लाख डॉलरला बिल्ले विकले होते. वेमोची गाडी आज ज्या रस्त्यांवर फिरते, त्याच रस्त्यांवर ती कर्जं फेडणारी माणसं टॅक्सी चालवत होती.

तिथे स्टिअरिंग कुणी हिरावून घेतलं नव्हतं. माणूस बुडाला तो कर्जामुळे. उत्पन्न पन्नास टक्क्यांनी जरी घटलं तरी माणूस कसाबसा तगतो, हप्ता अंगावर असेल तर मात्र बुडायला पंधरा टक्क्यांची घटही पुरते.

नवी कामं निघतील, असं कंपन्या सांगतात. निघतील, पण कुठली ते बघा. नायजेरियातल्या लागोसमध्ये २०२० साली सुरू झालेली मूव्ह नावाची कंपनी ड्रायव्हरांना कर्जावर गाड्या देते. मुंबई, हैदराबाद, बंगळुरूमध्येही ती उतरली. डिसेंबर २०२४ मध्ये वेमोने जाहीर केलं की फिनिक्समधल्या आपल्या गाड्यांची देखभाल मूव्ह करील. ज्या कंपनीचा धंदा ड्रायव्हरला गाडी देण्यावर उभा राहिला, तीच आता ड्रायव्हर नसलेल्या गाड्या धुते, चार्ज करते, दुरुस्तीला लावते. ही पगारी कामं आहेत, वाईट नाहीत. पण शेकडो गाड्यांच्या तळावर शेकडो माणसं लागत नाहीत, आणि स्वतःच्या गाडीचा मालक असण्याची जी ऐट असते ती तिथे नाही.

जबाबदारीचा प्रश्नही अजून सुटतोच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनो गावच्या पोलिसांनी मनाई असलेल्या ठिकाणी यू-टर्न घेणारी वेमो अडवली. पावती फाडायची कुणाच्या नावाने? गाडीत कुणी नव्हतंच. गाडी तशीच सोडून द्यावी लागली.

मग मुंबईचं काय?

नितीन गडकरींनी मंत्री म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की भारतात बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊ देणार नाही, कारण लाखो ड्रायव्हरांची कामं जातील. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाही गाडीला परवानाधारक चालक असतो असं धरूनच लिहिलेला आहे. पण मंत्र्याच्या शब्दापेक्षा मला हिशेबाचा आधार जास्त वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोत माणसाचा तास महाग, म्हणून त्याला काढून पैसे वाचतात. मुंबईत सीएनजीची छोटी गाडी सहा-सात लाखांत येते आणि पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २०२५ च्या दराने ३१ रुपये. तिथे पंचवीस लाखांची गाडी, वर नकाशे, चार्जिंगचे तळ, देखरेखीची माणसं, हे सगळं त्या ३१ रुपयांतून निघायला फार वेळ लागेल. शिवाय गणपतीची मिरवणूक, पाण्यात गेलेला हिंदमाता चौक आणि हवालदाराचा हात, हे शिकायचं राहिलंच आहे. आपल्याकडेही भोपाळची स्वायत्त रोबोट्स आणि बंगळुरूची मायनस झीरो अशा कंपन्या त्यावर झटत आहेत, म्हणजे ते अशक्य आहे असं कुणी समजू नये.

कधीकाळी आल्याच, तर त्या भायखळ्याच्या गल्लीत आधी येणार नाहीत. रुंद रस्ता, लांबचं भाडं, चोवीस तास धंदा, अशा ठिकाणी येतील. विमानतळ, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, अटल सेतूपलीकडे नवी मुंबई.

पंधरा दिवसांनी आईच्या तपासणीसाठी पुन्हा परळला जायचं होतं. काकांचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यांनाच बोलावलं. गाडीत बसल्यावर सांगितलं. काका, बॅज काढा, त्याला फार पैसे पडत नाहीत आणि बॅज असलेला माणूस गाड्यांच्या धंद्यात कुठेही उभा राहतो. गाडी घ्यायची तर हप्ता चार-पाच वर्षांत संपेल अशीच घ्या. परमिटला कधी मोठी किंमत सांगितली तर घर गहाण ठेवून घेऊ नका. पोराचा सगळा हिशेब विमानतळाच्या भाड्यांवर बांधू नका. हॉस्पिटलच्या फेऱ्या, शाळेची मुलं, म्हातारी माणसं, ओळखीची घरं, तिथे जम बसवू दे त्याला. आणि गाडीचं इलेक्ट्रिकचं काम शिकत असेल तर शिकू द्या, बॅटरी कुणाच्याही गाडीत असली तरी ती बघायला माणूस लागतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली, उतरून मागे आले, आईचा एक हात मी धरला आणि दुसरा त्यांनी. पायरी चढता चढता त्यांनी विचारलं, "चार वर्षांचा हप्ता म्हणजे महिन्याला किती बसेल, ताई?"